नाताळ : धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?

आजचे वाचन : लूक २:१-२०
जोडवाचन : योहान १:१-१४, प्रेषितांची कृत्ये ११:१९-२६



आज २४ डिसेंबर. आजचा उतारा आपल्याला इतका ओळखीचा आहे की वाचताना डोळे आपोआप पुढे पळतात. मेंढपाळ, देवदूत, गव्हाण. पण या वर्षी मी पहिल्या पाच ओव्यांपाशीच थांबलो. लूक देवदूतांपासून सुरुवात करत नाही, सरकारी हुकमापासून करतो. रोमचा सम्राट कैसर औगुस्त याने माणसं मोजायला सांगितली, म्हणून नासरेथचा योसेफ गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमला निघाला. त्याचं घराणं दावीदाचं, त्यामुळे त्याचं नाव तिथल्या वहीत लागणार होतं.

म्हणजे पहिला नाताळ जनगणनेत झाला. हे मी कितीदा तरी वाचलं असेल, पण लक्षात आलं नव्हतं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. एखादा फॉर्म बनवताना कोणता रकाना रिकामा सोडता येईल आणि कोणता नाही, हे आम्हाला आधी ठरवावं लागतं. काही रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. आपल्याकडच्या जनगणनेतही धर्माचा रकाना असतो. २०११ साली हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि जैन अशा सहा धर्मांना आकडे दिलेले होते, बाकीच्यांचं नाव लिहून घ्यायचं होतं. त्या मोजणीत देशात ख्रिस्ती लोक २.३ टक्के भरले. महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात धड एकही नाही. आणि देशभरातल्या २८ लाखांहून जास्त लोकांचा धर्म 'सांगितला नाही' या खात्यात गेला.

बरीच वर्षं मला वाटायचं की या शेवटच्या खात्यातली माणसं सगळ्यात शहाणी. माझा विश्वास माझ्या आणि देवाच्या मधला, त्याला पाटी कशाला? आज याच विचाराबद्दल लिहायचं आहे, कारण तो अर्धाच खरा निघाला.

मागच्या वर्षी दिवाळीला मी गावी, डोंगरकड्याला गेलो होतो. अप्पा हळदीला पाणी देऊन आले, पाय धुतले आणि ओट्यावर बसले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "लोकं विचारायलेत. तुमच्या पोरानं धर्म बदलला म्हणं. मी काय सांगू?"

खरं उत्तर होतं. तीन वर्षांपूर्वी मी पुण्यात बाप्तिस्मा घेतला होता आणि घरी सांगितलं नव्हतं. पण मी काय म्हणालो? "सांगा, माणुसकी हाच त्याचा धर्म आहे."

आपण फार छान बोललो असं मला वाटलं. अप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते तर समदेच म्हणतात. पुढारी बी भाषणात तेच म्हणतो. मी काय विचारलं अन् तू काय सांगायलास?" त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "ही घातली तव्हा मलाबी लोकं विचारायचे. सोयऱ्याच्या घरी जाऊन काय खाणार, म्हणायचे. मी सांगायचो, सोडलं बाबा. तुला काय सोडावं लागलं, ते सांग."

मला काही सांगता आलं नाही. मी पुण्याला परत आलो तरी तो प्रश्न सुटला नाही.

माझी बाजू अगदीच पोकळ नव्हती, तीही मांडतो. 'ख्रिस्ती' हे नाव येशूने दिलेलं नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या ११ व्या अध्यायात लिहिलं आहे की अंत्युखियात शिष्यांना पहिल्यांदा हे नाव मिळालं, आणि मिळालं तेही इतरांकडून. सबंध नव्या करारात हा शब्द फक्त तीन वेळा येतो. एकदा अंत्युखियात, एकदा अग्रिप्पा राजाच्या तोंडी आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात. ते लोक स्वतःला काय म्हणत? शिष्य, भाऊ, पवित्र जन, 'मार्गा'तले लोक.

सणाचंही तसंच. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानात कुठेच नाही. २५ डिसेंबरचा सर्वात जुना उल्लेख रोममधल्या एका पंचांगवजा नोंदीत मिळतो, तो इ.स. ३३६ च्या सुमाराचा. रशियासारख्या देशांतलं ऑर्थोडॉक्स चर्च आजही ७ जानेवारीला नाताळ पाळतं. गव्हाणीचा देखावा लोकांसमोर मांडण्याची प्रथा असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात केलेल्या देखाव्यानंतर रुजली. आपला 'नाताळ' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ एवढाच की जन्म.

आणि पहिल्या नाताळाला आले कोण, ते पाहा. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडचे ज्ञानी लोक येतात, म्हणजे परदेशी, परधर्मी, ताऱ्यांकडे बघणारे. ते नमन करतात, भेटी देतात आणि दुसऱ्या वाटेने आपल्या देशी निघून जातात. त्यांना कुणी विचारलं नाही की आता तुम्ही कोण झालात? पुढे येशूनेही कौतुक कुणाचं केलं? रोमी शताधिपतीच्या विश्वासाचं. गोष्टीत शेजारी कोण ठरला? शोमरोनी. नुसतं 'प्रभू, प्रभू' म्हणणाऱ्यांना तर त्याने स्पष्टच सांगितलं की तेवढ्याने भागत नाही.

हे सगळं खरं आहे. या आधारावर मी म्हणायचो की विश्वास लेबलापलीकडचा असतो. मग अप्पांच्या एका प्रश्नाने मी गारठलो का?

मला उत्तर सापडलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रात. आपल्या उपासनेतली कितीतरी गीतं त्यांची. पण त्यांच्या आयुष्यातल्या दोन सालांकडे मी कधी एकत्र पाहिलं नव्हतं.

पहिलं साल १८९५. त्याच्या दोन वर्षं आधी आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला होता. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचं मन धरलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोकणातल्या ब्राह्मण घरातला, नावाजलेला कवी. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलं आहे. नातेवाईक तुटले. नवराबायको काही वर्षं वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या, तरी सोवळंओवळं लगेच गेलं नाही, ते हळूहळू गळालं. त्यांनी स्वतः विचार करून १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

दुसरं साल १९१७. तेव्हा टिळक प्रसिद्ध होते. 'ज्ञानोदय'चं संपादन करत होते, अमेरिकन मराठी मिशनचा आधार होता. तो आधार त्यांनी सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. या दरबारात ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या अनुयायांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं सांगणारा हा माणूस, पलीकडे पोचल्यावर पूल तोडायला तयार नव्हता. मे १९१९ मध्ये ते गेले. दरबाराला त्यांच्या हयातीत दोन वर्षंही मिळाली नाहीत.

मला १९१७ चे टिळक फार आवडायचे. उदार, भिंती न मानणारे. पण १९१७ च्या आधी १८९५ आहे. आधी त्यांनी उघडपणे एक नाव घेतलं आणि त्यासाठी घर पणाला लावलं. मग त्याच नावाची भिंत होते आहे असं दिसलं, तेव्हा पुन्हा पगार आणि आधार पणाला लावून दार उघडलं. दोन्ही वेळा त्यांना काहीतरी सोडावं लागलं. मला १९१७ हवं होतं, १८९५ नको होतं. अप्पांनी नेमकं तेच विचारलं होतं.

पंडिता रमाबाईंचंही असंच. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, पण त्या मागे हटल्या नाहीत. आणि तिकडे चर्चच्या मंडळींनी सगळी शिकवण जशीच्या तशी मान्य करा म्हणून आग्रह धरला, तेव्हा त्यांनाही पत्रांतून ठणकावलं की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती देणार नाही. नाव घेतलं, पण नावाची मालकी दुसऱ्याला दिली नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषांवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं.

आता माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगतो. ती मी इथे आजवर लिहिली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी पुण्यात मी आणि ऑफिसातला एक मित्र मिळून भाड्याने फ्लॅट शोधत होतो. तो मुस्लिम. नाव लिहीत नाही, कारण नावावरूनच तर सगळं घडलं. एक फ्लॅट दोघांनाही आवडला. मालक चहा पाजून छान बोलले. मग नावं विचारली. मित्राने नाव सांगितल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, घरात बोलून कळवतो. दुसऱ्या दिवशी फोन आला, फक्त मला. "तुम्ही एकटे येणार असाल तर या. तुम्ही आपल्यातलेच आहात."

मी गेलो. मित्राला सांगितलं की ऑफिस जवळ पडतं, म्हणून एकट्यानेच घेतला. तो "बरं झालं" म्हणाला. त्याला आणखी दोन महिने जागा मिळाली नाही.

त्या काळातही मी रोज शुभवर्तमान वाचायचो. मित्रांच्या गप्पांत, मी कुठलंच लेबल मानत नाही, असं जोरात सांगायचो. आणि त्याच लेबलाच्या जोरावर मिळालेल्या खोलीत झोपायचो. दर डिसेंबरला त्याच खोलीत बसून लूकचा दुसरा अध्याय वाचायचो, ज्यात उतारशाळेत त्यांना जागा नव्हती असं लिहिलेलं आहे. एकदाही मला ते टोचलं नाही.

लेबल नको म्हणणं कुणाला परवडतं, हे मला फार उशिरा कळलं. ज्याच्या आडनावाने दारं उघडतात, त्याला. त्याला लेबल दाखवावं लागत नाही, कारण ते आधीच दिसलेलं असतं. ज्याच्या नावाने दार बंद होतं, तो कितीही म्हणाला की मी आधी माणूस आहे, तरी त्याला रकान्यातून बाहेर कोण काढतं?

इथे एक सावधगिरी. हे वाचून कुणी दुसऱ्याच्या कागदाकडे बोट दाखवू नये. आपल्याकडे धर्माचा रकाना हा निव्वळ मनाचा मामला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती ठरावीक धर्मांच्या लोकांनाच मिळतात. सुरुवातीला फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही. ख्रिस्ती रकाना भरला की त्या जातात. मजुरी करणारी एखादी माउली मनाने प्रभूची असते आणि लेकराच्या शिक्षणासाठी कागद बदलत नाही. तिचा न्याय करणारा मी कोण? मला तर असं काहीच गमवायचं नव्हतं. नोकरी होती, पगार होता. फक्त अवघड बोलणं टाळायचं होतं. तेव्हा हा लेख तिच्यासाठी नाही, माझ्यासारख्यांसाठी आहे.

तर पुन्हा आजच्या वाचनाकडे येऊ. मला वाटायचं की नाताळचा अर्थ म्हणजे देव सगळ्या नावांच्या, जातींच्या, देशांच्या वर आहे. पण तो वर असायला नाताळची काय गरज? वर तर तो आधीपासूनच होता. योहान सांगतो की शब्द देही झाला. आणि देह म्हटला की त्याला नाव येतं, गाव येतं, घराणं येतं, वहीतली ओळ येते. योसेफ आणि मरिया ज्या मोजणीसाठी गेले, त्याच गावी तो जन्मला. आठव्या दिवशी रीतीप्रमाणे सुंता झाली, नाव ठेवलं येशू, त्या काळी अगदी घराघरात असलेलं नाव. मंदिरात त्याच्यासाठी दिलेलं अर्पण पक्ष्यांच्या जोडीचं, म्हणजे नियमशास्त्राने गरिबांसाठी ठेवलेलं. मोठा झाल्यावर 'नासरेथकर' ही पाटी लागली, आणि तिथून काही चांगलं निघतं का, असं नथनेलाने विचारलंच. शेवटी क्रुसावरही पाटी होती, इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. जन्माच्या वेळी जनगणना आणि मरणाच्या वेळी पाटी. देवाच्या पुत्राने एकही रकाना रिकामा सोडला नाही.

पण त्याने आपल्या पाटीची भिंत कधी केली नाही. यहूदी म्हणून जन्मला आणि शोमरोनी बाईजवळ पाणी मागितलं. दावीदाच्या घराण्यातला, आणि जेवायला जकातदारांच्या घरी. त्याला शोधायला पहिल्यांदा आले ते रात्री रानात राखण करणारे मेंढपाळ, आणि त्यांना आत येताना कुणी अडवलं नाही.

मला कळलेला नाताळचा अर्थ तो हा. नाव घ्यायचं, त्याची किंमत द्यायची आणि त्या नावाआड कुणाला दाराबाहेर ठेवायचं नाही. मी अगदी उलटं करत होतो. नाव घ्यायला नको म्हणत होतो आणि त्याच वेळी, न घेतलेल्या नावाचा फायदा घेऊन, एकाला दाराबाहेर ठेवून आत बसलो होतो.

मागच्या वर्षी २४ डिसेंबरला मी रजा टाकून पुन्हा गावी गेलो. संध्याकाळी अप्पा गोठ्यात होते, गव्हाणीत कडबा टाकत होते. मी तिथेच उभं राहून सांगितलं. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. मी ख्रिस्ताचा आहे. कुणी विचारलं तर तसंच सांगा. फ्लॅटचंही सांगितलं, ते का सांगितलं कोण जाणे, पण सांगितलं.

अप्पा काही बोलले नाहीत. पेंढी सोडली, टाकली, हात झटकले आणि घरात गेले. त्या रात्री घरात फक्त हरिपाठ ऐकू आला. माय जेवायला वाढून दुसरीकडे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेतात अप्पा म्हणाले, "माळकऱ्याच्या घरात तू दुसऱ्याचं नाव घेतलंस, ते मला कळायला येळ लागंल. पण तीन वर्षं बापाला सांगितलं नाहीस, त्याचं लई वाईट वाटलं. माझी भ्या वाटली का तुला?"

या प्रश्नावर मी रडलो. मला वाटत होतं की त्यांना माझा धर्म दुखवेल. त्यांना माझं लपवणं दुखवून गेलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच विचारलं, "आज तुमचा सण ना? काय वाचायचं असतं ते वाच." मी लूकचा दुसरा अध्याय वाचला. गव्हाणीपाशी आलो तेव्हा त्यांनी थांबवलं. "लेकरू गव्हाणीत ठेवलं? अन् गुरं कुठं बांधली मग?" मी म्हणालो, ते लिहिलेलं नाही. अप्पा म्हणाले, "असतील तिथंच. गुरांनी जागा दिली म्हणायची, माणसानं नाही दिली तर."

बेथलेहेम या शब्दाचा अर्थ भाकरीचं घर, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण गव्हाण म्हणजे काय ते मला अप्पांनी सांगितलं. लूकने या अध्यायात तिचं नाव तीन वेळा घेतलं आहे. आमच्या गोठ्यातली गव्हाण मी जन्मापासून पाहतो, आणि देव तिथे मावला हे मला पुण्याच्या खोलीत कधी दिसलं नव्हतं.

मग ते नामदेवांविषयी बोलले. नामदेव आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे. इथून तासाभरावर नांदेडचा गुरुद्वारा. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. अप्पा म्हणाले, "शिखांनी त्याला आपला म्हणलं, पर त्यानं इठ्ठल सोडला नाही." हे खरंच आहे, त्या पदांतही विठ्ठलाचं नाव येतं. नामदेव दुसऱ्याच्या ग्रंथात गेले ते नाव पुसून नाही, नाव घेऊन. आणि ज्यांनी त्यांना घेतलं त्यांनीही ते पुसायला सांगितलं नाही.

महात्मा फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं, ते १८९१ साली त्यांच्या मागे छापलं गेलं. त्यात एकाच घरात बायको, नवरा, मुलगी, मुलगा आपापल्या विचाराने वेगवेगळा धर्म पाळतात आणि तरी गोडीने राहतात, अशी कल्पना आहे. शाळेत असताना मला ती फक्त कल्पना वाटायची. आता आमच्या कोनाड्यात ज्ञानेश्वरीशेजारी माझं बायबल आहे. गोडी मात्र अजून पूर्ण नाही, हे खरं सांगायला हवं. माय या विषयावर बोलत नाही. भावकीतल्या दोन घरांनी बोलणं कमी केलं. अप्पांना कुणी विचारलं तर ते म्हणतात, "त्यालाच विचारा, तो सांगतो."

मित्रालाही फोन केला. सगळं सांगून माफी मागितली. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तू कधी सांगतोस ते बघत होतो." त्याने माफ केलं म्हणाला. पण पूर्वीसारखे तासन्‌तास फोन आता होत नाहीत, आणि ते मागायचा मला हक्कही नाही. त्यानंतर मी ती खोली सोडली. नवीन जागा शोधताना मालकाने "तुम्ही आपल्यातलेच ना?" असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, मी ख्रिस्ती आहे. एका ठिकाणी त्यावर नकार आला. तेव्हा पहिल्यांदा, अगदी थोडंसं, त्या मित्राचं काय झालं असेल ते कळलं. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली.

तर मोजणीवाला दारात येईल तेव्हा काय सांगायचं, ते माझ्यापुरतं ठरलं आहे. पण रकाना भरला म्हणजे विश्वास झाला, असं मला वाटत नाही. तो रकाना भरल्यावर माझ्या घरात कुणाला जागा मिळते, देव तेच पाहणार आहे.

आजसाठी विचार : माझ्या नावामुळे मला काय फुकट मिळालं? तेच माझ्या ओळखीतल्या कुणाला नाकारलं गेलं का? ज्याला मी माझा विश्वास सांगायचं टाळतो, असं माझ्या घरात कोण आहे? उद्या नाताळ आहे. त्यांपैकी एकाला फोन करता येईल.

प्रार्थना : प्रभो, तू आमच्यात आलास तेव्हा नाव, गाव, घराणं सगळं स्वीकारलंस आणि कशाच्याही आड लपला नाहीस. मी चांगल्या शब्दांमागे लपलो, मला क्षमा कर. तुझं नाव मला उघडपणे घेऊ दे, आणि ते घेऊन कुणासाठी दार लावून घेऊ नये एवढी बुद्धी दे. माझ्या मायबापाला सांभाळ. ज्यांना आज रात्री कुणी जागा देत नाही, त्यांच्यापाशी राहा, आणि आमच्यापैकी कुणाला तरी त्यांच्याकडे पाठव. येशूच्या नावात, आमेन.

आपणा सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.